कुळागरातला पंप कंट्रोलर आणि बाहेर न काढलेली रिसेट पिन

## पार्श्वभूमी

फोंडा तालुक्यातल्या एका औद्योगिक वसाहतीतली ही छोटी कंपनी. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत, तांत्रिक तपशील मात्र तसेच ठेवले आहेत. मी या प्रकरणात बाहेरचा सल्लागार म्हणून आलो, तोवर निम्मं रामायण होऊन गेलं होतं.

कंपनीचा मुख्य माल म्हणजे कुळागरांसाठी, म्हणजे गोव्यातल्या पोफळीच्या बागांसाठी, पंप कंट्रोलर. विहिरीतल्या किंवा तळीतल्या पाण्याची पातळी बघायची, पंप कोरडा चालू द्यायचा नाही, वीज जाऊन आली की थोडं थांबून मोटर सुरू करायची आणि भाटकाराला (बागेच्या मालकाला) एसएमएस पाठवायचा, एवढंच काम. पोफळीला दिवाळीनंतर पाणी सुरू होतं ते मृगाचा पाऊस लागेपर्यंत. पावसाळ्यात पेटी पंपाच्या खोपीत दमट हवेत नुसती टांगलेली असते, म्हणून बोर्डावर कोटिंग मारून देतात. हे कोटिंग पुढे कथेत येणार आहे.

जुना बोर्ड एटीमेगा३२८पी या मायक्रोकंट्रोलरवर होता. प्रोग्रॅमिंगसाठी सहा पिनांचं आयएसपी हेडर आणि डीबगिंगसाठी, म्हणजे चुका शोधण्यासाठी, एक एलईडी व सिरीयल पोर्टवर छापलेल्या ओळी. आयएसपीतून चिपमध्ये प्रोग्रॅम भरता येतो, पण चाललेला प्रोग्रॅम थांबवून आत डोकावता येत नाही. या चिपला डीबगवायर नावाची एकतारी सोय आहे खरी, पण ती रिसेटच्या पिनवरून चालते. त्या पिनवर कपॅसिटर असला की ती चालत नाही आणि ती चालू असेपर्यंत आयएसपी बंद पडतं. त्यामुळे कंपनीत कोणी तिच्या वाटेला गेलं नव्हतं आणि अनेक वर्षं काही अडलंही नव्हतं.

२०२१ मध्ये जगभर चिपची टंचाई आली. जुनी चिप मिळेना, मिळाली तर भाव परवडेना. मग मिळेल तिथून एसटीएम३२एफ१०३सी८ घ्यायचं ठरलं: कॉर्टेक्स-एम३ गाभा, ६४ किलोबाइट फ्लॅश, २० किलोबाइट रॅम. बोर्ड नव्याने काढला गेला. प्रोग्रॅमिंग-डीबगिंगचा इंटरफेस कोणता, या प्रश्नावर बैठक अशी झालीच नाही. ‘या चिपला एसडब्ल्यूडी लागतं, चार तारा पुरतात’ एवढ्यावर विषय संपला. एसडब्ल्यूडी म्हणजे चिपमध्ये प्रोग्रॅम भरायची आणि आत डोकावायची तिची स्वतःची जोडणी. बोर्डावर चार पॅड आले: ३.३ व्होल्ट, ग्राउंड, एसडब्ल्यूडीआयओ, एसडब्ल्यूसीएलके. रिसेटची पिन, म्हणजे एनआरएसटी, कपॅसिटरला जोडून तिथेच ठेवली. चिपने सुरू होताना कुठला प्रोग्रॅम चालवायचा हे ठरवणारी बूट-शून्य ही पिन थेट ट्रॅकने ग्राउंडला बांधली. यूसार्ट-एक, म्हणजे चिपचा पहिला सिरीयल पोर्ट, एसएमएस पाठवणाऱ्या जीएसएम मॉड्यूलला दिला. हे तिन्ही निर्णय सुटे सुटे पाहिले तर कोणीही मान्य केले असते.

## अडचण

पहिल्या लॉटचं प्रोग्रॅमिंग सुरळीत झालं. पेट्या चवथीनंतर (गणेश चतुर्थीनंतर) गेल्या, दिवाळीनंतर चालू झाल्या. मग एसएमएसच्या मजकुरात किरकोळ बदल करायचा म्हणून कारखान्यात शिल्लक राहिलेल्या बोर्डांवर नवं फर्मवेअर (चिपमधला प्रोग्रॅम) टाकायला घेतलं, तर एकही बोर्ड प्रोबला, म्हणजे बोर्ड आणि लॅपटॉप जोडणाऱ्या उपकरणाला, ओळख देईना. लक्ष्य सापडत नाही, एवढाच संदेश.

संशय नकली चिपवर गेला आणि त्याला आधारही होता. टंचाईत घेतलेल्या एका रीलमधल्या चिपा खरंच नकली निघाल्या होत्या. प्रोब जोडताना चिप आपला ओळखक्रमांक सांगते. अस्सल एफ१०३चा हा सोळा-आधारी क्रमांक १ ने सुरू होतो, तर या रीलमधल्या चिपा २ ने सुरू होणारा क्रमांक देत होत्या. प्रोब चालवणारं ओपनओसीडी हे सॉफ्टवेअर त्यावर थेट तक्रार करतं. हार्डवेअर इंजिनिअरने पुरवठादाराला मेल धाडले, रील परत करायची तयारी झाली.

मला बोलावलं ते या टप्प्यावर. चाचणी साधी होती. दोन्ही रीलमधले कोरे बोर्ड घ्या, आणि दोन्ही रीलमधले एकदा प्रोग्रॅम केलेले बोर्ड घ्या. कोरे बोर्ड दोन्ही रीलचे जोडले गेले (नकली चिपसाठी अपेक्षित क्रमांक तेवढा बदलावा लागला). एकदा प्रोग्रॅम झालेले बोर्ड दोन्ही रीलचे मेले. म्हणजे चिप अस्सल असो वा नकली, दार आपलंच फर्मवेअर लावून घेत होतं.

कारण सापडायला मग वेळ लागला नाही. प्रकल्पाचा सांगाडा तयार करणाऱ्या कॉन्फिगरेशन टूलमध्ये डीबगच्या रकान्यात ‘डीबग नाही’ हा पर्याय आपोआप निवडलेला होता. एफ१ मालिकेत त्याचा अर्थ असा की फर्मवेअर सुरू होताच एक ओळ जेटॅग (डीबगिंगची दुसरी, जुनी जोडणी) आणि एसडब्ल्यूडी दोन्ही बंद करते आणि त्या पिना साध्या इनपुट-आउटपुट होतात. कोऱ्या चिपमध्ये ती ओळ नसते, म्हणून पहिलं प्रोग्रॅमिंग बिनबोभाट होतं. फर्मवेअर लिहिणाऱ्या इंजिनिअरच्या टेबलावरच्या डेव्हलपमेंट बोर्डाला रिसेटचं बटण होतं. जोडणी झाली नाही की ती बटण दाबून धरायची, कनेक्टवर टिचकी मारायची आणि बटण सोडायची. तिच्या बोटांना ही सवय इतकी झाली होती की त्यात काही वावगं आहे असं कोणाला वाटलंच नाही. उत्पादनाच्या बोर्डावर बटण नव्हतं.

इथवर हे फक्त गैरसोयीचं होतं. पण शिगमोच्या, म्हणजे होळीच्या, सुमाराला कुळागरांतून फोन यायला लागले. कंट्रोलर हँग होतो. कधी पंप सकाळी सुरूच होत नाही, कधी बंदच होत नाही. दुसरा प्रकार जास्त वाईट, कारण विहीर आटली तरी मोटर फिरत राहते आणि स्टार्टरचा ओव्हरलोड रिले कोरड्या पंपाला ओळखत नाही: भार वाढत नाही, उलट कमी होतो. पेटी बंद करून चालू केली की सगळं ठीक. कारखान्यातल्या टेबलावर मात्र एकही बोर्ड हँग होईना.

## समोर असलेले पर्याय

मालकांना एका दमात दोन गोष्टी हव्या होत्या: बाहेर गेलेल्या पेट्या दुरुस्त करायच्या आणि पुढच्या बोर्डावर हा गोंधळ नको. त्यामुळे इंटरफेसची तुलना दोन्हीसाठी एकत्रच झाली.

जेटॅग हा पहिला मुद्दा हार्डवेअर इंजिनिअरने काढला. त्याचं म्हणणं, ‘खरा’ इंटरफेस तोच, एसडब्ल्यूडी ही त्याची काटछाट. हा समज बऱ्याच जणांचा असतो. जेटॅग १९९० साली आयईईई ११४९.१ या नावाने प्रमाण झालं ते मुळात बोर्डावरचे सोल्डरचे सांधे तपासण्यासाठी. चार तारा, हवी तर पाचवी रिसेटची, आणि एकामागून एक चिपा साखळीत ओवायची सोय. बोर्डावर एफपीजीए, प्रोसेसर, आणखी चार मोठ्या चिपा असतील तर त्याला तोड नाही. इथे बोर्डावर मायक्रोकंट्रोलर एकच होता. एफ१०३मध्ये जेटॅग आणि एसडब्ल्यूडी ही एकाच खोलीची दोन दारं आहेत. आत गेल्यावर दिसणारं सगळं तेच: सहा हार्डवेअर ब्रेकपॉइंट (ठरल्या ओळीवर थांबायची सोय), चार वॉचपॉइंट (ठरलेली मेमरी वापरली की थांबायची सोय), गाभा चालू असतानाही मेमरी वाचायची मुभा. जेटॅगसाठी पीए१५, पीबी३ आणि पीबी४ या तीन पिना जादा द्याव्या लागतात आणि त्यातली पीबी४ आधीच पंपाच्या रिलेला दिली होती. रिसेटनंतर काही क्षण पीबी४ला आतलं पुल-अप असतं, म्हणजे ती आपोआप वर ओढली जाते, कारण तेव्हा ती जेटॅगची पिन असते. पंप चालवणारा रिले अशा पिनवर ठेवणं मला मुळीच पटलं नाही; पण तो मुद्दा पुढे येईल.

एसडब्ल्यूडी दोन तारांचं, पुरवठा आणि ग्राउंड धरून चार. इथे माझा आग्रह एवढाच होता की ‘चार तारा पुरतात’ हे वाक्य कंपनीतून हद्दपार करा. पुरतात, पण कधी? फर्मवेअर शहाणं असेल, चिप खोल झोपेत जात नसेल आणि त्या दोन पिना दुसऱ्या कामाला लावलेल्या नसतील तर. यातली एक अट मोडली की पाचवी तार, रिसेटची, हवी. प्रोब रिसेट खाली ओढून धरतं, चिप निपचित असतानाच जोडणी करतं, पहिल्याच सूचनेवर थांब असं सांगतं आणि मग रिसेट सोडतं. फर्मवेअरला दार लावायची संधीच मिळत नाही. स्वस्तातल्या डोंगलांच्या (यूएसबीत खोचायच्या छोट्या प्रोबांच्या) बाबतीत आणखी एक खोच आहे. त्यावर रिसेट असं छापलेली पिन असते, पण बऱ्याच डोंगलांत ती एसटीएम८ या वेगळ्या चिपांसाठीची असते आणि एसटीएम३२च्या रिसेटला काही करत नाही. कंपनीत असेच दोन डोंगल होते.

तिसरा पर्याय चिपच्या रॉममध्येच असलेला सिरीयल बूटलोडर. बूट-शून्य वर ओढून रिसेट दिला की चिप आपलं फर्मवेअर बाजूला ठेवते आणि यूसार्ट-एकवर, म्हणजे पीए९ आणि पीए१०वर, वाट पाहत बसते. साधा यूएसबी-सिरीयल अडॅप्टर पुरतो, सम पॅरिटी लावायला विसरायचं नाही इतकंच. आतलं फर्मवेअर कितीही बिघडलेलं असो, हा मार्ग उघडा राहतो. सर्व्हिसच्या माणसाच्या हाती द्यायला मला यापेक्षा चांगलं काही सुचत नाही. वेगाने मात्र मार खातो. ११५२०० बॉडला प्रत्येक बाइटचे अकरा बिट धरले तर ६४ किलोबाइट लिहायला सहा सेकंदांहून थोडं जास्त, पडताळायला तेवढंच आणि प्रत्येक तुकड्यामागे होकार-नकाराची देवाणघेवाण. एसडब्ल्यूडीवर मर्यादा फ्लॅशच्याच वेगाची: दर १६ बिटांना ५० मायक्रोसेकंदांच्या आसपास, म्हणजे पूर्ण फ्लॅश पावणेदोन सेकंदांत. आणि बूटलोडरमध्ये डीबगिंग नाही. हँग झालेला प्रोग्रॅम कुठे अडकला हे तो सांगू शकत नाही, कारण त्याच्यात शिरायला आधी रिसेट द्यावा लागतो. या बोर्डावर तर प्रश्नच नव्हता: बूट-शून्यचा ट्रॅक चिपखालून ग्राउंडला गेलेला, पीए१०वर जीएसएम मॉड्यूल बोलत बसलेलं.

जुन्या घराण्याकडे, म्हणजे एटीमेगाच्या एव्हीआरकडे, परतायचं का, हेही बघितलं. नव्या एव्हीआर चिपांत यूपीडीआय आहे, एकाच तारेवर प्रोग्रॅमिंगही आणि डीबगिंगही. कंपनीचं जुनं कोडही बरंचसं चाललं असतं. मला हा पर्याय वाटतो तितका मागास नव्हता, पण शेकडो एसटीएम३२ चिपा गोदामात पडून होत्या आणि मालकांनी विषय तिथेच संपवला. मालकांच्या पुतण्याने ईएसपी३२ ही वायफायवाली चिप सुचवली, हवेतून अपडेट करता येतं म्हणून. कुळागरात वायफाय कुठून आणायचं, आणि जेटॅगसाठी लागणारी जीपीआयओ१२ ही पिन सुरू होताना वर असली तर फ्लॅशला १.८ व्होल्ट जातात, तिथे नवाच खेळ. तो पर्याय चहा संपायच्या आत मागे पडला.

## काय केलं

पहिलं काम मेलेल्या बोर्डांत शिरायचं. एनआरएसटी पॅडवर नव्हती, पण तिच्यावर १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटर होता आणि त्याचं एक टोक म्हणजे रिसेटच. चिपच्या सातव्या पायावर अर्ध्या मिलिमीटरच्या अंतरात तार लावण्यापेक्षा ते टोक कितीतरी सोपं. ब्लेडने कोटिंग खरवडलं, टोक चकाकेपर्यंत पुसलं, केसासारखी बारीक इनॅमलची तार लावली आणि ती अस्सल प्रोबच्या रिसेटला जोडली. ‘रिसेटखाली जोडा’ हा पर्याय निवडला. बोर्ड पहिल्या झटक्यात उघडला. फर्मवेअरमध्ये बदल एका ओळीचा: जेटॅग बंद, एसडब्ल्यूडी चालू.

आता खरा निर्णय. मालकांचं म्हणणं, किल्ली मिळालीच आहे तर सगळे बोर्ड आणा, तारा लावा, वॉचडॉगचा (प्रोग्रॅमने वेळेवर खूण दिली नाही तर चिप रिसेट करणाऱ्या टायमरचा) वेळ कमी करा आणि पाठवा. फर्मवेअर इंजिनिअरचं म्हणणं वेगळं. ती म्हणाली, “भाई, रिसेट देऊन आत गेलं की अडकलेली जागा पुसली जाते. कुठे अडकतंय ते कळल्याशिवाय वॉचडॉगशी खेळून काय उपयोग?” मला तिचं पटलं. रिसेटखालची जोडणी प्रोग्रॅमिंगसाठी रामबाण, पण तपासासाठी घातक: प्रोग्रॅम काउंटर (प्रोग्रॅम कुठे आहे ते सांगणारा) आणि पेरिफेरलची, म्हणजे चिपमधल्या जोड-यंत्रणांची, रजिस्टरं सगळी मुळावर येतात. हँग झालेल्या बोर्डाला रिसेट न देता जोडायचं तर एसडब्ल्यूडी आधीपासून जिवंत असलेलं फर्मवेअर आत हवं. म्हणून ठरलं असं की जिथून जास्त तक्रारी येतात अशा मोजक्या कुळागरांत नवी ओळ असलेले बोर्ड बसवायचे आणि हँग व्हायची वाट पाहायची.

सर्व्हिसच्या माणसाने प्रत्येक ठिकाणी बजावून सांगितलं, “काका, अडकला तर बंद-चालू करू नका. आधी मला फोन करा.” वीस वर्षांची सवय अशी जात नाही. सत्तरी तालुक्यातल्या एका कुळागरात पंप अडकला, काकांनी फोन केला आणि सर्व्हिसवाला पोचेपर्यंत गड्याने एमसीबी पाडून पुन्हा चढवला. पुरावा गेला. पुढच्या वेळी एमसीबीवर चिकटपट्टी लावली.

कुळागरात प्रोब जोडायची रीत आधी लिहून काढली, आणि माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला सर्वात मोलाचा कागद तोच. सर्वांत आधी मोटरचा मेन स्विच पाडायचा, कंट्रोलरचा पुरवठा चालू ठेवून. डीबगर गाभा थांबवतो तेव्हा आउटपुट पिना आहेत त्या स्थितीत राहतात. रिले चढलेला असेल तर पंप चालू, आणि कोरडा पंप ओळखणारा प्रोग्रॅम मात्र गोठलेला. लॅपटॉप चार्जरशिवाय, बॅटरीवर. पातळीच्या सळया विहिरीच्या पाण्यात असतात, म्हणजे बोर्डाचा ग्राउंड पाण्यातून जमिनीला टेकलेला; वर चार्जरचं अर्थिंग आलं तर वळसा पूर्ण होतो. मध्ये यूएसबी आयसोलेटर होताच, तरीही हा नियम ठेवला. प्रोबच्या फक्त तीन तारा लावायच्या, ३.३ व्होल्टची नाही, कारण बोर्ड आधीच चालू आहे आणि स्वस्त डोंगल ती तार मोजण्याऐवजी तिच्यावर स्वतःचा पुरवठा सोडतं. वॉचडॉग थांब्याच्या वेळी गोठवायचा, त्यासाठीचा बिट प्रोब जोडल्याबरोबर लावायचा.

पुढच्या हँगच्या वेळी चिकटपट्टीने काम केलं. प्रोब जोडल्यावर प्रोग्रॅम काउंटर आयटूसीच्या फंक्शनमध्येच घुटमळत होता. आयटूसी म्हणजे चिपांना आपसात जोडणारी दोन तारांची बस; घड्याळाची चिप तिच्यावर होती. पेरिफेरलचं स्थिती-रजिस्टर म्हणत होतं की बस व्यग्र आहे. पण त्याच क्षणी पीबी६ आणि पीबी७ या पिना वाचल्या तर दोन्ही वर, म्हणजे बस मोकळी. मोकळ्या बसला व्यग्र समजणारं पेरिफेरल हा एफ१ मालिकेचा ज्ञात दोष आहे. आयटूसीच्या अॅनालॉग फिल्टरला झटका बसला की व्यग्रतेचा झेंडा अडकतो, असं उत्पादकाच्या एराटा (चिपच्या ज्ञात दोषांच्या) पत्रकात उपायासकट छापलेलं आहे. झटका कुठून येत होता हे सांगायला नको: मोटर जोडणाऱ्या-तोडणाऱ्या कॉन्टॅक्टरचं कॉइल सुटताना. कारखान्यातल्या टेबलावर कॉन्टॅक्टरच्या जागी बल्ब लावून चाचणी चालायची, म्हणून तिथे कधी काही दिसलं नाही.

लायब्ररीचं फंक्शन तशा वेळी थोडं थांबून ‘व्यग्र’ असं उत्तर देत होतं, पण त्याला बोलावणारं कोड ‘ठीक’ उत्तर येईपर्यंत पुन्हा पुन्हा विचारत होतं. आणि वॉचडॉगने का वाचवलं नाही? कारण त्याला टायमरच्या इंटरप्टमधून खाऊ मिळत होता. मुख्य प्रोग्रॅम अडकला तरी टायमर चालूच. मालक वॉचडॉगचा वेळ कमी करा म्हणत होते, त्याने काडीचाही फरक पडला नसता.

दुरुस्ती मग एका दिवसाचं काम. एराटातला क्रम लिहिला: पेरिफेरल बंद, दोन्ही पिना साध्या ओपन-ड्रेन करून वर-खाली, सॉफ्टवेअर रिसेट, पुन्हा चालू. प्रयत्नांना मर्यादा घातली, वॉचडॉग मुख्य लूपमध्ये आणला. कॉन्टॅक्टरच्या कॉइलवर झटका शोषणारा आरसी स्नबर बसवला.

बाहेरच्या पेट्यांसाठी शेतात तारा लावायच्या नाहीत असं ठरलं. खोपीत, कोटिंग खरवडून, बॅटरीवरच्या सोल्डरिंग आयर्नने अशी तार लावणं म्हणजे दहातला एखादा बोर्ड हमखास मारणं. सर्व्हिसवाला तयार बोर्ड घेऊन जायचा, जुना उतरवून आणायचा आणि कारखान्यात जुन्याचं काम व्हायचं. महाग पडलं, पण पाऊस लागायच्या आत संपलं.

एक वाद मध्येच उपटला. मालकांना फर्मवेअर लॉक करायचं होतं, कोणी नक्कल करू नये म्हणून. एफ१मध्ये वाचन-संरक्षण लावलं की डीबगरला फ्लॅश वाचता येत नाही, आणि ते काढायला गेलं की सगळी फ्लॅश पुसली जाते. म्हणजे हँग झालेल्या बोर्डात डोकावणं अवघड. शिवाय या मालिकेचं संरक्षण फोडता येतं हे २०२० मध्ये संशोधकांनी उघड दाखवलं आहे. हंगाम संपेपर्यंत लॉक नको, यावर मालक नाखुशीने तयार झाले.

## निष्पत्ती

आयटूसीची दुरुस्ती गेल्यावर त्या प्रकारचा हँग पुन्हा आला नाही. नव्या बोर्डावर एनआरएसटी पॅडवर आली. बूट-शून्य १० किलोओहमने खाली ओढली आणि तिलाही पॅड मिळाला. जीएसएम यूसार्ट-दोनवर गेलं, पीए९-पीए१० चार पिनांच्या सर्व्हिस कनेक्टरवर आल्या. पंपाचा रिले पीबी४वरून हलला.

त्यामुळे एकाच बोर्डावर तीन ठिकाणी तीन रीती झाल्या. टेबलावर एसडब्ल्यूडी, रिसेटसकट. उत्पादनात पोगो (स्प्रिंगच्या) पिनांचं जिग, तेही एसडब्ल्यूडीवर. जिगच्या तारा लांब झाल्याने ४ मेगाहर्ट्झला पडताळणी अधूनमधून चुकायची, ९५० किलोहर्ट्झला आणल्यावर थांबली. एका बोर्डामागे दोन-तीन सेकंद जातात, असेंब्लीवरच्या बायकांना ते जाणवतही नाही. आणि कुळागरात सिरीयल बूटलोडर: पेटी बंद, बूट-शून्यवर जंपर, केबल, पेटी चालू. सर्व्हिसच्या माणसाला डीबगर म्हणजे काय हे शिकवावं लागलं नाही.

## वेगळं काय करता आलं असतं

नव्या बोर्डाच्या पहिल्या नमुन्यावर फर्मवेअर लागोपाठ दोनदा टाकून बघायचं, एवढी एक पायरी असती तर निम्मं प्रकरण घडलंच नसतं. कोरी चिप सगळ्यांशी गोड वागते, परीक्षा दुसऱ्या वेळी होते. आता ती पायरी तपासणीच्या कागदावर आहे.

नकली चिपच्या वाटेवर गेलेला वेळ मात्र मी चूक म्हणणार नाही. ओळखक्रमांक खरंच वेगळा होता, संशय रास्त होता. कोरा विरुद्ध प्रोग्रॅम केलेला ही तुलना आधी सुचायला हवी होती, इतकंच.

तपासाच्या पद्धतीबद्दल माझं आणि फर्मवेअर इंजिनिअरचं अजून एकमत नाही. एफ१०३मध्ये १६ बिटांची दहा बॅकअप रजिस्टरं असतात, ती रिसेटमध्ये टिकतात. प्रोग्रॅमच्या प्रत्येक टप्प्याचा क्रमांक तिथे लिहित राहिलं असतं, तर लॅपटॉप घेऊन सत्तरीत जायची गरजच नव्हती. वॉचडॉग नीट असता तर पेटीने स्वतःच पुढच्या एसएमएसमध्ये सांगितलं असतं की मी आयटूसीवर अडकलो होतो. तिचं म्हणणं, टप्पा कळला असता पण ‘झेंडा व्यग्र आणि पिना वर’ हे एकाच क्षणी दिसलं नसतं, आणि त्याशिवाय एराटापर्यंत कोणी पोचलं नसतं. ते खरं आहे. नव्या फर्मवेअरमध्ये दोन्ही आहे.

आता पुढच्या लॉटसाठी मालकांनी एसटीएम३२जी० मालिकेतल्या चिपचा भाव काढला आहे, स्वस्त पडते म्हणून. तिथे वरचं बरंचसं गणित बदलतं. बूट-शून्य आणि एसडब्ल्यूसीएलके या मालिकेत एकाच पिनवर आहेत, आणि कारखान्यातून आलेल्या चिपमध्ये बूट-शून्यची पिन विचारातच घेतली जात नाही. त्यासाठी आधी ऑप्शन बिट, म्हणजे चिपमधली कायम राहणारी एक सेटिंग, बदलावा लागतो. चिप कोरी असेल तर ती आपण होऊन बूटलोडरमध्ये जाते, म्हणजे पहिल्या वेळी पुन्हा सगळं गोडच. रिसेटची पिनही ऑप्शन बिटाने साधी पिन करता येते. आणि वाचन-संरक्षणाची दुसरी पातळी लावली तर डीबगचं दार कायमचं बंद होतं, पुसूनसुद्धा उघडत नाही. मालकांना नेमकी तीच पातळी आवडली आहे. फर्मवेअर इंजिनिअरने अट घातली आहे की ती लावायची तर आधी सर्व्हिस कनेक्टरसाठी स्वतःचा बूटलोडर लिहून एक पूर्ण हंगाम चालवायचा. लेआउट तूर्त त्यावर अडला आहे.